गाडी सौभाग्यवतींच्या नावावर करताना

(इटारसी येथे २०२४ च्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पांच्या मंडपात दरवर्षी कोणी मधुमेहावर बोलतं, कोणी ज्ञानेश्वरीवर. यंदा सचिवांनी माझं नाव घातलं आणि विषय विचारला. मी म्हटलं, मी डिप्लोमावाला माणूस, सिग्नल खात्यात बावीस वर्षं काढली, मला रिले आणि पॉइंट मशिनच्या पलीकडे काय येतं? तेव्हा ते म्हणाले, "अहो, तुमच्या गाडीचा तो किस्सा सांगा. माझ्या मेहुण्याला उपयोगी पडला." म्हणजे माझी फजिती आधीच गावभर झालेली आहे. तर आता ती रीतसर माइकवरून सांगतो. सौ. समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे फारसं वाढवून सांगता येणार नाही.

आमची गाडी नोव्हेंबर २०१७ ची, साधी छोटी पेट्रोल गाडी. चार वर्षांचं बँकेचं कर्ज, नोव्हेंबर २०२१ ला फिटलं. गाडी, कर्ज, विमा, सगळं माझ्या नावावर. तेव्हा दुसरा विचारही मनात आला नव्हता. पगार माझा, सही माझी. चालवत मात्र सौ. जास्त होत्या, कारण त्यांची शाळा नर्मदापुरमच्या बाजूला आणि माझी बदली बीनाला. मी आठवड्यातून एकदा घरी यायचो, कधी तेही नाही. रात्रीचा ब्लॉक लागला की रविवार गेलाच.

जानेवारी २०२२ मध्ये बैतूलहून एका लग्नावरून परत येत होतो. गाडी मीच चालवत होतो. केसलाच्या अलीकडे, रात्री साडेनऊच्या सुमारास, सागाच्या जंगलातून एक नीलगाय रस्त्यावर आली. ज्यांनी तो रस्ता रात्री केला आहे त्यांना जास्त सांगायला नको. ब्रेक लागला, पण पूर्ण नाही. बॉनेट, बंपर, एक दिवा, रेडिएटर आणि समोरची काच गेली. आम्हा दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, ही बाप्पाची कृपा. नीलगाय उठून निघून गेली.

क्लेम केला. जनावराशी टक्कर झाली तरी पूर्ण विम्यात, म्हणजे ज्यात आपल्या गाडीचं नुकसान धरलेलं असतं त्यात, भरपाई मिळते. बिल झालं ५८,४०० रुपये आणि हातात आले ४१,९००. मी आधी चिडलो, मग पॉलिसी वाचली. प्लास्टिक, रबर, बॅटरी यांवर निम्मी घट धरतात, काचेवर काही नाही आणि लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ही घट ३५ टक्के. हे सगळं पॉलिसीत छापलेलं असतं, आपण वाचत नाही इतकंच.

पण खरा त्रास पैशाचा नव्हता. गाडी इथे वर्कशॉपमध्ये, सौ. इथे आणि मी बीनाला. सर्व्हेअरला सही हवी मालकाची. क्लेम फॉर्मवर सही मालकाची. काम झाल्यावर समाधानपत्रावरही सही मालकाचीच. एका सहीसाठी गाडी अकरा दिवस तयार होऊन उभी होती, कारण मला सुट्टी मिळेना. त्या आठवड्यात सौ. बसने शाळेत जात होत्या. एका संध्याकाळी फोनवर म्हणाल्या, "गाडी चालवते मी, पेट्रोल भरते मी, सर्व्हिसिंगला नेते मी. मग प्रत्येक कागदावर तुम्ही कशाला?" उत्तर नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या सुट्टीत गाडी तुझ्या नावावर करून टाकू.

आमच्या खात्यातल्या एका मित्राने याला दुजोरा दिला आणि वर एक हिशोब सांगितला. हा हिशोब नीट ऐका, कारण त्यातच माझा पाय अडकला.

विम्यात 'नो क्लेम बोनस' नावाची सवलत असते. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. ही सवलत आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते, तिसऱ्या पक्षाच्या हप्त्यावर नाही. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते. आणि दुसरी गोष्ट, हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की बोनस तिच्याबरोबर जात नाही. नवरा-बायको असले तरी नाही. मित्र म्हणाला, "एरवी वहिनींच्या नावावर गाडी केली असतीस तर तुझा पन्नास टक्के बोनस त्या गाडीला मिळाला नसता. पण क्लेम झाल्यामुळे तो असाही गेलाच आहे. नाव बदलायला याहून चांगली वेळ नाही." हे अगदी खरं होतं, आजही खरं आहे. क्लेमनंतरचं वर्ष हे नाव बदलायला सोयीचं वर्ष.

मात्र एक अट आहे. क्लेम पूर्ण मिटलेला हवा. पैसे खात्यात आले, कंपनीने फाईल बंद केली, मग हलवा. क्लेम अर्धवट असताना नाव बदललं तर कंपनी विचारते की अपघाताच्या दिवशी मालक कोण, आज मालक कोण आणि पैसे कोणाला द्यायचे. मी तेवढं पाळलं. पैसे फेब्रुवारीअखेर आले, मार्चमध्ये मी कामाला लागलो.

परिवहन कार्यालयाचं काम वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. पहिली अडचण बँकेच्या बोज्याची. कर्ज फिटलं होतं, पण नोंदणी पुस्तकावर बँकेचं नाव तसंच होतं. बँकेने फॉर्म ३५ आणि ना-हरकत पत्र नोव्हेंबरमध्येच पाठवलं होतं. ते मी कपाटात जपून ठेवलं, इतकं जपून की त्यावर छापलेली ९० दिवसांची मुदत संपून गेली. पुन्हा बँकेत गेलो, नवं पत्र आणलं, बोजा उतरवला. मग फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०. पहिला, गाडी दिली याची सूचना, आणि दुसरा, नाव चढवण्याचा अर्ज. चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला छाप, प्रदूषणाचं प्रमाणपत्र, विम्याची प्रत, दोघांचे ओळखपत्र आणि पैसे न घेता पत्नीला भेट दिली असं एक शपथपत्र. कायद्याने देणाऱ्याने त्याच राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. पती-पत्नीमधल्या अशा भेटीवर आयकर लागत नाही. आम्हा रेल्वेवाल्यांना मात्र आचरण नियमांप्रमाणे मर्यादेपेक्षा जास्त किमतीच्या चल संपत्तीचा व्यवहार महिन्याभरात कार्यालयाला कळवावा लागतो. तो मी कळवला. समोर बसलेल्या सहकाऱ्यांनी मान हलवू नये, ज्यांनी कळवलेला नाही त्यांची नावं मला ठाऊक आहेत.

एप्रिल २०२२ मध्ये सौं.च्या नावाचं कार्ड घरी आलं. त्यांनी ते देवापुढे ठेवलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि त्यांच्या नावावर असलेली ही पहिली मोठी वस्तू. घर क्वार्टरचं, गावचा वाटा माझ्या नावाचा. मी तेव्हा हसलो होतो, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

राहिला विमा.

विमा कंपनीच्या कार्यालयात मी चौकशी केली होती. त्यांनी सांगितलं, पॉलिसी मॅडमच्या नावावर होईल, प्रस्ताव फॉर्म भरा, नवं कार्ड जोडा, बदलाचं किरकोळ शुल्क भरा. आणि चालू पॉलिसीवर तुम्हाला ४५ टक्के बोनस दिला आहे. मॅडमचा स्वतःचा काही बोनस नाही, त्यामुळे उरलेल्या महिन्यांचा फरक भरावा लागेल. मी तिथेच हिशोब केला. मूळ हप्ता आठ हजार, त्याचे ४५ टक्के ३,६००, सात महिन्यांचे २,१०० आणि त्यावर जीएसटी. सुमारे अडीच हजार रुपये. नोव्हेंबरमध्ये पॉलिसी संपतेच आहे. तेव्हा नवी पॉलिसी सरळ तिच्या नावाने काढू, अडीच हजार वाचतील. परिवहन कार्यालयाने तर माझ्या नावाची पॉलिसी बघूनच नाव चढवलं आहे. गाडीला विमा आहे, घर एकच आहे, नवरा-बायकोत तुझं-माझं काय?

मी सिग्नलवाला आहे. स्टेशनावर पॉइंटला हात लावायचा असला तर आम्ही आधी स्टेशन मास्तरला लेखी मेमो देतो. त्या फॉर्मला आम्ही टी-३५१ म्हणतो. अमुक गियर मी डिसकनेक्ट करतो आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. मग काम करायचं, तपासायचं आणि त्याच फॉर्मवर रिकनेक्शन द्यायचं. मधल्या वेळात ते गियर आहे असं कोणी धरायचं नाही. आणि रिकनेक्शन न देता मी घरी निघून गेलो, तर दुसऱ्या दिवशी माझ्या हातात चार्जशीट. बावीस वर्षांत मी असं एकदाही केलेलं नाही. घरच्या गाडीच्या बाबतीत नेमकं तेच केलं. एका ठिकाणचं नाव सोडवलं आणि दुसऱ्या ठिकाणी जोडलं नाही. रेल्वेत इंटरलॉकिंग असतं, पॉइंट नीट बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल हिरवा होतच नाही. नोंदणी पुस्तक आणि विमा यांच्यात असं कुलूप नाही. एक बदलून दुसरं तसंच ठेवता येतं आणि कोणी अडवत नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. दुपारी वादळ आलं. शाळेच्या आवारात चिंचेचं जुनं झाड आहे, त्याची एक जाड फांदी मोडून आमच्या गाडीच्या टपावर पडली. गाडीत कोणी नव्हतं, आसपास मुलं नव्हती. टप दबला, मागची काच फुटली, डिकीचं दार वाकडं झालं. वादळाने झालेलं नुकसान विम्यात असतंच, त्यामुळे मी फोनवर निर्धास्तपणे सांगितलं, "काळजी करू नकोस, क्लेम करू. या वेळी सहीसाठी माझी वाटही बघावी लागणार नाही."

सर्व्हेअर आला. भला माणूस होता. त्याने कार्ड बघितलं, पॉलिसी बघितली आणि मला फोन लावला. "सर, गाडी मॅडम की, पॉलिसी आपकी?" मी म्हटलं, हो, एकाच घरातली. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मैं रिपोर्ट तो बना दूँगा, सर."

जुलैमध्ये मला ई-मेल आला. मला, कारण पॉलिसी माझी. क्लेम नामंजूर. कारण दोन ओळींत होतं आणि ते वाचून मला घाम फुटला, कारण ते चुकीचं नव्हतं. ज्याची पॉलिसी आहे त्याची गाडी नाही, म्हणून त्याचं नुकसान झालेलं नाही. जिची गाडी आहे तिचा आमच्याशी करार नाही.

मग मी कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याचं कलम १५७. त्यात लिहिलं आहे की गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की विमाही तिच्याबरोबर गेला असं मानलं जाईल आणि नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर बदल करून घ्यावा. ते वाचून मी आनंदलो, म्हटलं सापडली पळवाट. माझ्या एका वकील मित्राने तो आनंद पाच मिनिटांत उतरवला. १९९५ साली 'कम्प्लीट इन्सुलेशन्स' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की हे आपोआप जाणं फक्त तिसऱ्या पक्षापुरतं आहे. म्हणजे त्या दिवसांत आमच्या गाडीने कोणाला धक्का दिला असता, तर त्या बाहेरच्या माणसाच्या हक्काला बाध आला नसता. पण आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान हा कंपनी आणि ग्राहक यांच्यातला खासगी करार. तो नवा मालक कंपनीने स्वीकारल्याशिवाय पुढे जात नाही.

कंपनीच्या तक्रार कक्षाला मी पत्र लिहिलं, तेच उत्तर आलं. विमा लोकपालांचं कार्यालय भोपाळलाच आहे, तिथे फी न भरता तक्रार करता येते. मी गेलो नाही. मला आतून माहीत होतं की मला सांगितलं होतं आणि मी अडीच हजार वाचवले होते. तुमच्या बाबतीत कंपनीने अर्ज घेऊन ठेवला आणि बदल केला नाही असं झालं असेल, तर जरूर जा. तुमची गोष्ट वेगळी.

बिल ९२,३०० झालं. क्लेम मिळाला असता तर घट धरून साठ-पासष्ट हजार आले असते. ते पैसे मी सोसायटीच्या कर्जातून भरले. आणि सौं.ना सांगितलं की पैसे येतील, वेळ लागतो आहे.

इथे मी थोडा अडखळतो आहे, माफ करा.

गाडी दुरुस्त होऊन आली. सौ. ती न्यायला तयार होईनात. बसने जाऊ लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, शाळेजवळ गर्दी असते, बस बरी पडते. मी बीनाहून काय बघणार? एका शनिवारी घरी आलो तर मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबा, आई आजीला फोनवर सांगत होती की गाडी माझ्या नावावर केली आणि दोन महिन्यांत हे झालं. माझ्या हाताला ती लाभतच नाही. परत बाबांच्या नावावर करून टाकू."

त्या रात्री जेवण झाल्यावर मी कंपनीचा ई-मेल छापून आणला होता तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. मग विचारलं, "म्हणजे विमा माझ्या नावावर केलाच नव्हता?" मी म्हटलं, नाही. "का?" मी हिशोब सांगितला. "किती वाचत होते?" अडीच हजार. त्या काही बोलल्या नाहीत, उठून भांडी घासायला गेल्या. बऱ्याच वेळाने आतूनच म्हणाल्या, "मी रोज त्या झाडाखाली गाडी का लावली म्हणून महिनाभर स्वतःला बोलत होते."

साठ हजार गेल्याचं मला वाईट वाटलं होतं, पण ते पगारातून भरून निघतात. तो महिना कशातून भरून द्यायचा हे मला अजून समजलेलं नाही.

आणि त्याहून मोठी गोष्ट मला नंतर कळली. गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८ पासून त्याची रक्कम किमान १५ लाख आहे. तो मिळायला तीन गोष्टी एकाच माणसात हव्या. नोंदणी पुस्तकावर नाव त्याचं, पॉलिसीवर नाव त्याचं आणि चालवण्याचा वैध परवानाही त्याचा. एप्रिलपासून आमच्या घरात असा माणूसच नव्हता. मी पॉलिसीवर होतो पण मालक नव्हतो, सौ. मालक होत्या पण पॉलिसीवर नव्हत्या. त्या रोज सतरा-अठरा किलोमीटर जात होत्या आणि तेवढंच परत येत होत्या. ट्रकांनी भरलेला रस्ता. फांदी टपावर पडली, हे मी आता वेगळ्या नजरेने बघतो.

यावरून आणखी एक. तुमच्यापैकी काही जण काही ना काही कारणाने गाडी पत्नीच्या नावावर घेतात आणि पत्नीकडे परवाना नसतो. गाडी नवरा चालवतो. तिथे हा १५ लाखांचा विमा कोणालाच लागू होत नाही. पत्नीला परवाना नाही आणि नवरा मालक नाही. नवऱ्यासाठी वेगळा अपघात विमा घेऊन ठेवा. वहिनींनी परवाना काढला तर उत्तमच.

आता कोणी विचारेल की अपघातात गाडी पूर्णच गेली तर? दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी ती पूर्ण नुकसान धरते. तेव्हा सांगाडा भंगारवाला किंवा दुसरा कोणी विकत घेतो. तिथेही नावाकडे लक्ष ठेवा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे की पुस्तकावर ज्याचं नाव, तोच मालक. गाडी चार हात पुढे गेली तरी जबाबदारी त्याच्याकडेच येते. सांगाडा दिला आणि नाव तसंच राहिलं, तो कोणी ठोकून-ठाकून रस्त्यावर आणला आणि माणूस मेला, तर समन्स तुमच्या दारात. दुसरी गाडी घ्यायच्या घाईत हे कागद मागे पडतात.

एक विषय सणाच्या दिवशी काढू नये, पण काढतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या कॉलनीतले एक सहकारी कोविडने गेले. त्यांची गाडी दोन वर्षं शेडमध्ये त्यांच्याच नावाने उभी होती. मुलगा कधीकधी काढायचा, सगळ्यांना माहीत होतं, सांगणार कोण? कायदा अशा वेळी बराच समजूतदार आहे. ३० दिवसांत मृत्यूची आणि गाडी वापरणार असल्याची खबर परिवहन कार्यालयाला द्यायची, तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाने नाव चढवून घ्यायचं. पॉलिसीही मृत्यूनंतर तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत चालते. आणि गंमत बघा, गंमत म्हणू नये, पण जिवंत नवऱ्याचा बोनस बायकोला मिळत नाही आणि गेलेल्या नवऱ्याचा मिळतो. गाडी पत्नीच्या, मुलांच्या किंवा आई-वडिलांच्या वापरात आली तर तो बोनस त्यांच्याकडे जातो. २०२१ पासून नोंदणी पुस्तकावर वारस म्हणून नाव नोंदवायची सोयही झाली आहे. पाच मिनिटांचं काम आहे. आज रात्री घरी गेल्यावर आपलं कार्ड काढून बघा.

मग आम्ही पुढे काय केलं? दुसऱ्याच सोमवारी सौ. स्वतः विमा कंपनीत गेल्या. प्रस्ताव फॉर्म, कार्डाची प्रत, फॉर्म २९ आणि ३० ची पोच, बदलाचं शुल्क, बोनसचा फरक. उशीर झाला होता म्हणून त्यांनी गाडी बघायला माणूस पाठवला. चार दिवसांनी पॉलिसीला जोडलेला बदलाचा कागद मिळाला. त्या कागदाला एंडोर्समेंट म्हणतात आणि तो हातात आल्याशिवाय काम झालं असं समजू नका. पैसे भरल्याची पावती म्हणजे बदल नव्हे. वारस म्हणून त्यांनी मुलीचं नाव घातलं. मी काही विचारलं नाही. टोलचा फास्टॅग माझ्या नावावर होता, तोही बंद करून त्यांच्या नावाचा घेतला.

लहानसहान पोचारे पडले तर आम्ही आता क्लेम करत नाही. पाच-सहा हजारांच्या बिलासाठी घट आणि सक्तीची वजावट जाऊन हातात तीन येतात आणि बोनस जातो तो वेगळाच. तो हिशोबही सौ. करतात. गेल्या डिसेंबरात स्टेशनबाहेर रिक्षाने दार घासलं, मी मोबाइल काढला होता, त्या म्हणाल्या, "ठेवा तो खिशात." त्यांचा बोनस सध्या वाढतो आहे आणि तो त्यांचा स्वतःचा आहे.

गाडी त्या पुन्हा नेऊ लागल्या का, हे बऱ्याच जणींनी विचारलं. एंडोर्समेंटचा कागद आला त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी गाडी पुसली, हळदी-कुंकू लावलं आणि मला म्हणाल्या, बसा. आम्ही नर्मदेच्या घाटापर्यंत जाऊन आलो. त्या चालवत होत्या. मी मागची सीट धरून नाही, नीट पुढे बसलो होतो, पट्टा लावून.

वेळ संपली असं सचिव खुणावत आहेत. कोणाला फॉर्म, तारखा किंवा कागद बघायचे असतील तर आरतीनंतर विचारा. मात्र मला नको. गाडीची फाईल आता सौं.कडे असते.

गणपती बाप्पा मोरया.